घरच्या नेटवर डीडॉस आला तर: ओळखायचा कसा, थोपवायचा कसा

गेल्या दिवाळीत सांगलीला बहिणीकडे होतो. भाचा अकरावीत आहे. त्यानं आपल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचा सर्व्हर चालू केला होता आणि पंधरा-वीस पोरं रोज रात्री जेवणं उरकून त्यावर खेळायला यायची. पाडव्याच्या रात्री पावणेनऊला घरातलं नेट गेलं. भाऊबीजेला पुन्हा त्याच वेळी. बहिणीनं नेटवाल्याला फोन लावला. "ताई, राउटर एकदा बंद करून चालू करा," पलीकडून उत्तर आलं. तिनं केलं. पाच-सात मिनिटं सगळं झकास चाललं आणि पुन्हा ठप्प.

बाहेरून येणारी नेटची वायर तेवढी ठेवून मी राउटरला लावलेल्या बाकी सगळ्या वायरी काढल्या, वायफायही बंद केलं. आता घरातलं एकही यंत्र नेट वापरत नव्हतं. तरी राउटरवरचा इंटरनेटचा हिरवा दिवा थांबेना. एरवी असा मोकळा राउटर मधूनच डोळा मिचकावतो. हा दिवा इतक्या वेगानं थरथरत होता की लांबून बघणाऱ्याला तो सलग पेटलेलाच वाटावा. घरातून कोणी काही मागत नव्हतं, बाहेरून मात्र अखंड काहीतरी येऊन आदळत होतं.

राउटर चालू-बंद केल्यावर ती पाच-सात मिनिटं नेट का चालायचं, हे कळायला आम्हाला आणखी एक दिवस लागला. ते पुढे येईलच. त्या दोन दिवसांत जे केलं आणि त्याआधी मित्रांच्या, शेजाऱ्यांच्या घरी जे करत आलो, ते इथे क्रमानं लिहितो.

गल्लीत वरात उभी राहिली की

डीडॉस म्हणजे तुमच्या लाइनवर एकाच वेळी अनेक ठिकाणांहून निरुपयोगी माहितीचा मारा करणं. त्यात तुमचा पासवर्ड चोरला जात नाही की कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसत नाही. फक्त रस्ता अडवला जातो. तुमच्या दाराला कितीही भक्कम कुलूप असलं तरी गल्लीच्या तोंडाशी वरात उभी राहिली असेल तर दूधवाला तुमच्यापर्यंत पोचणार कसा? तसंच हे. तुमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल आणि तुमच्या पत्त्यावर २,००० एमबीपीएस येऊ लागले, तर कोंडी तुमच्या घरात होत नाही. ती होते नेटवाल्याच्या यंत्रापासून तुमच्या घरापर्यंतच्या टप्प्यात. राउटरनं आलेलं प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) फेकून दिलं तरी ते तोवर लाइन अडवून बसलेलंच असतं.

हे एकदा डोक्यात पक्कं बसवा. 'डीडॉस प्रोटेक्शन' असं छापलेला महागडा राउटर घेऊन हा प्रश्न सुटत नाही, आणि लोक नेमका तिथेच पैसा घालवतात. घरच्या लाइनचं संरक्षण तीन गोष्टींवर उभं असतं: तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) कोणाला कळू न देणं, कळलाच तर तो पटकन बदलता येणं, आणि मारा नेटवाल्याच्या पातळीवर थांबवून घेणं.

एवढा मारा कोणी पोरगं कुठून आणतं? त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. हल्लेखोर इंटरनेटवरच्या ढिसाळ सर्व्हरना एक छोटा प्रश्न पाठवतो आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुमचा पत्ता लिहितो. सर्व्हर भाबडेपणानं उत्तर तुम्हाला पाठवतो, आणि उत्तर प्रश्नापेक्षा कितीतरी मोठं असतं. साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरमार्फत हा गुणाकार २८ ते ५४ पट होतो, घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपी सर्व्हरमार्फत साडेपाचशे पटींच्या वर जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रोग्रॅमर लोक कोड ठेवतात त्या गिटहब या साइटवर मेमकॅश्ड नावाचे सर्व्हर वापरून १.३५ टेराबिट प्रतिसेकंद इतका मारा झाला, तो याच तंत्रानं. घरच्या लाइनला त्याचा हजारावा भागही पुरतो.

आधी बघा, हल्लाच आहे ना

"कोणीतरी आमचं नेट पाडतंय" म्हणून मला बोलावलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा कारण भलतंच निघतं. म्हणून नेटवाल्याला फोन करण्याआधी दहा मिनिटं काढून पुढच्या गोष्टी याच क्रमानं तपासा.

फायबरवाल्यानं भिंतीवर बसवलेला डबा बघा. त्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबर तुटली आहे किंवा दुमडली आहे. रस्ता खोदला असेल, उंदरानं कुरतडली असेल, कपाट सरकवताना वायर चेपली असेल. हल्ल्यानं हा दिवा लाल होत नाही. इथेच तपास संपला, सरळ तक्रार नोंदवा.

दिवे ठीक असतील तर त्याच कंपनीची लाइन असलेल्या शेजाऱ्याला विचारा. त्याचंही गेलं असेल तर वरच्या पातळीवर बिघाड आहे. जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या छोट्या-मध्यम इंटरनेट कंपन्यांवरच मोठा डीडॉस झाला होता आणि ग्राहक आपापले राउटर चालू-बंद करत बसले होते. अशा वेळी तुम्ही घरात काही करून उपयोग नसतो.

मग लॅपटॉप राउटरला वायरनं जोडा. हे टाळू नका, कारण वायफायवर केलेली तपासणी अर्धवट असते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी राउटरला पिंग करा (ping लिहून पुढे पत्ता, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसतं), मग बाहेर गूगलच्या ८.८.८.८ ला. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरचा १९२.१६८.२९.१. पत्त्यानंतर एक जागा सोडून हायफन आणि टी लिहिलंत तर पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं मात्र ४००-५०० मिलिसेकंदांवर जातंय किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दाखवतंय, तर अडचण राउटरच्या पलीकडे आहे. वायरनं सगळं ठीक आणि वायफायवरच गडबड असेल तर चॅनेलची गर्दी असेल, किंवा क्वचित कोणी वायफायवरची यंत्रं मुद्दाम तोडून काढत असेल. त्यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये वायफायची डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षा पद्धत निवडणं. त्यात जोडणी तोडणारे खोटे संदेश ओळखले जातात.

आता सगळ्यात जास्त चकवणारं कारण. घरातलं कोणी लग्नाहून किंवा सहलीहून परतलं की फोन वायफायला जोडला जातो आणि हजारभर फोटो, व्हिडिओ गपचूप वर चढायला लागतात. अपलोड भरलं की राउटरमध्ये रांग लागते, पिंग शंभरपट वाढतं, गेम अडखळतो, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. लक्षणं थेट हल्ल्यासारखी. फोनचा बॅकअप थांबवा आणि पुन्हा पिंग बघा. फरक पडला तर राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (रांग लावून देणारी सोय) असेल ते चालू करून अपलोडची मर्यादा प्लॅनच्या ९० टक्क्यांवर ठेवा. प्रश्न कायमचा सुटतो.

एवढं करूनही खुलासा झाला नाही, तर मी सांगलीत केलं ते करा. बाहेरून येणारी नेटची वायर आणि तपासणीचा एक लॅपटॉप सोडून बाकी सगळ्या वायरी काढा, वायफाय बंद करा आणि राउटरच्या पानावर 'स्टेटस' किंवा 'स्टॅटिस्टिक्स'मध्ये वॅन, म्हणजे इंटरनेटच्या, बाजूचे आकडे बघा. तिथे आलेली आणि गेलेली पॅकेट वेगवेगळी दाखवलेली असतात. दर दहा सेकंदांनी पान ताजं करा. घरात काही चालू नसताना 'आलेली' झरझर वाढत असतील तर मारा तुमच्यावर होतोय. आमच्याकडे दर दहा सेकंदाला लाखांनी वाढत होती. यंत्रं जोडल्यावर 'गेलेली' पॅकेट वाढत असतील आणि फोटोंचा बॅकअपही चालू नसेल, तर गोष्ट उलटी आहे: तुमच्या घरातलं एखादं यंत्र दुसऱ्यावर हल्ला करतंय. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय राहू नका.

पॅकेटच्या संख्येला महत्त्व का, तेही सांगतो. १०० एमबीपीएसमध्ये मोठी पॅकेट सेकंदाला आठेक हजार मावतात, पण अगदी बारकी असतील तर जवळपास १,४८,००० मावतात. स्वस्त राउटरचा प्रोसेसर एवढ्या संख्येनंच गुदमरतो, लाइन भरण्याआधी. चांगल्या राउटरचा उपयोग झालाच तर इथे होतो.

तुमचा पत्ता बाहेर जातो कुठून

प्रत्येक जोडणीला एक सार्वजनिक आयपी पत्ता असतो आणि हल्ला त्या पत्त्यावर होतो. पत्ता माहीत नसेल तर नेम धरायचा कशावर?

तुमचा पत्ता फक्त तुमचा आहे की अनेकांत वाटलेला, ते आधी पाहून घ्या. राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून आलेल्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता तुमचा एकट्याचा. राउटरवर १०० नं सुरू होणारा आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला पत्ता दिसत असेल, किंवा १० नं सुरू होणारा असेल, तर नेटवाल्यानं एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला आहे. याला सीजीनॅट म्हणतात, जिओफायबरच्या आयपीव्ही-४ (जुन्या पद्धतीच्या पत्त्यांच्या) जोडण्या अशाच असतात. लोक त्याला नावं ठेवतात, कारण बाहेरून घरातल्या सर्व्हरला जोडता येत नाही. डीडॉसच्या दृष्टीनं मात्र ती ढाल आहे. मारा आला तर तो नेटवाल्याच्या मोठ्या यंत्रावर येतो, शंभर घरांना झळ लागते आणि कंपनीला स्वतःहून हलावं लागतं. म्हणून नुसती हौस म्हणून महिन्याला जादा पैसे भरून स्थिर, म्हणजे कायम तोच राहणारा, आयपी घेऊ नका. स्थिर आयपी हल्ल्यानंतर आपला आपण बदलता येत नाही, हा त्याचा मोठा तोटा आहे.

आता पत्ता फुटण्याच्या वाटा.

गेममध्ये फरक असतो. बीजीएमआय, व्हॅलोरंट यांसारखे खेळ कंपनीच्या सर्व्हरवरून चालतात, तिथे समोरच्या खेळाडूला तुमचा पत्ता दिसत नाही. व्हॉल्व्हचे काउंटर-स्ट्राइक आणि डोटा-२ कंपनीच्या रिले जाळ्यातून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जातात. जीटीए ऑनलाइनसारख्या खेळात मात्र खेळाडूंचे कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडले जातात, आणि तिथे पत्ता काढायला एक साधं सॉफ्टवेअर पुरतं. असे खेळ अनोळखी लोकांबरोबर खेळताना व्हीपीएन (तुमच्या पत्त्याऐवजी आपला पत्ता पुढे करणारी सेवा) चालू ठेवा, आणि तो खेळ सुरू करण्याआधी लावा. पत्ता फुटून मारा सुरू झाल्यावर व्हीपीएन लावून काही साधत नाही, कारण मारा जुन्या पत्त्यावर येतच राहतो.

कॉलचंही तसंच. स्काइपमध्ये वर्षानुवर्षं नावावरून पत्ता काढता यायचा, जानेवारी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो लपवणं आपोआप चालू केलं. खेळणाऱ्यांच्या गप्पांचं ॲप डिस्कॉर्ड, त्याचा आवाज त्यांच्या सर्व्हरवरून जातो. व्हॉट्सॲपचे दोघांमधले कॉल थेट जोडले जाऊ शकतात. नोव्हेंबर २०२३ पासून त्यात सेटिंग्ज, प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड इथे 'प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स' असा पर्याय आला आहे, तो चालू करा. आवाजाचा दर्जा किंचित उतरतो, सवय होते. टेलिग्राममध्ये प्रायव्हसीत कॉल्सखाली 'पीअर-टू-पीअर' असतं, ते 'नोबडी' करा.

चॅटमध्ये अनोळखी माणसानं टाकलेली लिंक ही आणखी एक वाट. क्लिक केलंत की त्या पानाच्या मालकाकडे तुमच्या पत्त्याची नोंद होते. "भावा, हा क्लिप बघ ना" असं म्हणून टाकलेल्या छोट्या केलेल्या लिंकमागे बऱ्याचदा एवढंच असतं. टॉरेंटमध्ये तर तुमचा पत्ता सगळ्यांना उघड असतोच.

आणि सगळ्यात रुंद वाट म्हणजे घरात चालवलेला सर्व्हर. भाच्यानं राउटरमध्ये २५५६५ हा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा क्रमांकाचा दरवाजा, उघडला होता आणि मित्रांना आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून डायनॅमिक डीएनएसचं (डीडीएनएस, बदलत्या पत्त्याला कायम एकच नाव देणारी सेवा) एक छान नाव घेतलं होतं. इथेच त्या पाच-सात मिनिटांचं कोडं सुटलं. राउटर चालू-बंद केला की नवा पत्ता मिळायचा, मारा जुन्या पत्त्यावर वाया जायचा आणि नेट चालायचं. तेवढ्यात कॉम्प्युटरवरचं डीडीएनएसचं सॉफ्टवेअर इमानेइतबारे नवा पत्ता त्या नावाला जोडायचं आणि हल्लेखोराचं हत्यारही त्याच नावावर रोखलेलं असल्यानं मारा मागोमाग यायचा. आम्ही घर बदलत होतो आणि दर वेळी नव्या घराची पाटी आम्हीच चौकात लावत होतो.

उपाय असा केला: डीडीएनएस बंद, पोर्ट बंद, राउटर चालू-बंद, नवा पत्ता. त्या रात्रीपासून नेट स्वच्छ झालं. सर्व्हर हवा असेल तर तो बाहेर भाड्यानं घ्यावा किंवा मध्यस्थ बोगद्यातून चालवावा. माइनक्राफ्टसाठी प्लेइटसारख्या सेवा मिळतात, वेबसाइटसाठी क्लाउडफ्लेअर टनेल. खेळणारे ओळखीचे आणि मोजकेच असतील तर टेलस्केल उत्तम, त्यात ठरावीक यंत्रांचं आपसातलं खासगी जाळं बनतं. तो सीजीनॅटमागेही चालतो आणि घराचा एकही पोर्ट जगासमोर उघडावा लागत नाही. भाचा आता टेलस्केल वापरतो.

राउटरची झाडलोट

सांगितलं तसं, राउटर मारा थांबवू शकत नाही. पण ढिला राउटर हल्लेखोराला नेम धरायला मदत करतो आणि स्वतःच बळी पडून हल्लेखोराच्या यंत्रांच्या टोळीत सामील होतो. म्हणून एक दुपार याला द्या. घरात नेटवाल्याचा डबा आणि तुमचा स्वतःचा राउटर असे दोन असतील तर दोन्हींची पानं तपासा. दुसरा बहुतेक लोक विसरतात.

ॲडमिनचा पासवर्ड पहिला. वायफायचा वेगळा, हा वेगळा. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा (यंत्रात घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमचा) हल्ला झाला तेव्हा बळी पडलेले मोडेम कारखान्यातून आलेल्या 'ॲडमिन' पासवर्डवरच चालत होते, आणि कंपनीला तो बदलण्याचं जाहीर आवाहन करावं लागलं. पासवर्ड लांब ठेवा आणि राउटरच्या खाली चिकटपट्टीवर लिहून ठेवलात तरी चालेल. घरात शिरून राउटर उलटा करून बघणाऱ्याची इथे भीती नाही.

मग फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, ताजं करा. रिमोट मॅनेजमेंट बंद करा, म्हणजे बाहेरच्या जगाला राउटरचं पान उघडता येणार नाही. टेलनेट (लांबून हुकूम देण्याची जुनी, असुरक्षित सोय) दिसलं तर बंद. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडणं) बंद. डीएमझेड (एका यंत्राचे सगळे पोर्ट बाहेर उघडे टाकणं) बंद. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत तुम्हाला ओळखू न येणारी ओळ असेल तर काढून टाका. तीन वर्षांपूर्वी आलेल्या कॅमेरावाल्यानं घातलेली ओळ बऱ्याच घरांत सापडते. यूपीएनपी बंद करा. ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता बाहेरचा दरवाजा उघडू शकतं. बंद केल्यावर एखादा गेम 'नॅट स्ट्रिक्ट' अशी कुरकुर करेल, तर त्याच्यापुरता एकच पोर्ट हातानं उघडा. बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देणं बंद करा आणि आयपीव्ही-६ ची फायरवॉल चालू आहे ना ते बघा, कारण आयपीव्ही-६ वर प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि सीजीनॅटची ढाल तिथे नसते.

टीपी-लिंकसारख्या राउटरमध्ये एसवायएन-फ्लड, यूडीपी-फ्लड, आयसीएमपी-फ्लड यांचे गाळणे असतात. चालू करा, किरकोळ त्रासाला उपयोगी पडतात. मात्र त्यांची मर्यादा फार खाली आणलीत तर व्हिडिओ कॉलच अडकतील, म्हणून आधीचे आकडे तसेच राहू द्या.

घरातला कॅमेरा दुसऱ्याचं नेट पाडतोय का

या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळ आहे, कारण आपल्याकडे गल्लोगल्ली कॅमेरे लागले आणि ते बसवणाऱ्यांपैकी फार थोडे पासवर्ड बदलून जातात. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरनं हेच हेरलं. त्याच्याकडे साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या, बस. त्या लावून लावून त्यानं कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) आणि राउटर बळकावले, भर जोरात असताना सहा लाखांच्या आसपास. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन्‌तास उघडेनाशा झाल्या. पुढच्याच महिन्यात त्याच्या एका भावंडानं जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर लुळे केले. मिराय लिहिणारी पोरं वीस-एकवीस वर्षांची होती आणि त्यांच्या उद्योगाची सुरुवात माइनक्राफ्टचे सर्व्हर पाडण्यातून झाली होती.

माझ्या ओळखीच्या एका किराणा दुकानात नेट रोज संध्याकाळी मंद व्हायचं. वर सांगितलेले आकडे बघितले, तर 'गेलेली' पॅकेट धो धो वाढत होती. एकेक वायर काढत गेलो. डीव्हीआरची वायर काढली आणि आकडा जागच्या जागी थांबला. पासवर्ड होता ॲडमिन आणि पुढे एक-दोन-तीन.

अशा यंत्राची साफसफाई करताना क्रम महत्त्वाचा आहे. मिरायसारखं मालवेअर फक्त तात्पुरत्या मेमरीत राहतं, म्हणून वीज काढली की ते जातं. पण जुना पासवर्ड तसाच ठेवून नेटला जोडलंत तर काही मिनिटांत पुन्हा लागण होते. तेव्हा आधी राउटरमधून डीव्हीआरचे पोर्ट बंद करा. ८०००, ३७७७७ आणि ५५४ हे आकडे विशेष शोधा. मग वीज काढून लावा, नेटची वायर न जोडता पासवर्ड बदला, शक्य असेल तर पेन ड्राइव्हवरून फर्मवेअर चढवा आणि शेवटी वायर जोडा. कॅमेरे, टीव्हीचे स्वस्त अँड्रॉइड डबे, स्मार्ट बल्ब यांना राउटरच्या गेस्ट वायफायवर वेगळं बसवा, म्हणजे एक बिघडलं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही.

कॉम्प्युटर आणि फोनसाठी सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, फेब्रुवारी २०१७ पासून. तिथून मालवेअर काढायची साधनं फुकट मिळतात. ग्राहकांच्या यंत्रांना लागण दिसली तर ते इंटरनेट कंपन्यांमार्फत कळवतातही, म्हणून तसा संदेश आला तर जाहिरात समजून उडवू नका. मात्र संदेशातल्या लिंकवरून न जाता केंद्राचं पान स्वतः शोधून उघडा.

मारा चालू असताना

घाई नको. ज्या लॉबीत, कॉलवर किंवा सर्व्हरवर आहात तिथून आधी बाहेर पडा. धमकी आली असेल, पैसे मागितले असतील तर स्क्रीनशॉट काढा, उत्तर देऊ नका, एक रुपयाही पाठवू नका. वेळ कागदावर लिहा, मिनिटांसकट. चालू आयपी पत्ताही लिहा.

महत्त्वाची मीटिंग किंवा परीक्षा चालू असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवर जा. यासाठी फोनचं सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असलेलं बरं.

मग पत्ता बदला. घराला विकत घेतलेला स्थिर पत्ता नसेल तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या पीपीपीओई लाइनवर बहुतेक वेळा तेवढ्यानं नवा पत्ता मिळतो. चालू केल्यावर तो खरोखर बदलला का ते बघा. तोच असेल तर राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये मॅक क्लोन (राउटर नेटवाल्याला दाखवतो तो ओळखक्रमांक बदलणं) करून बघा, किंवा रात्रभर बंद ठेवा. आणि बदललेला पत्ता पुन्हा फुटणार नाही याची तजवीज आधी करा, नाहीतर आमच्यासारखी पाठशिवणी चालू राहील.

नेटवाल्याशी बोलताना "नेट स्लो आहे" म्हणालात की समोरून ठरलेलं उत्तर येणार. त्यांच्या भाषेत बोला: "माझ्या या आयपीवर पावणेनऊपासून डीडॉस येतोय. घरातली सगळी यंत्रं काढली तरी इनकमिंग ट्रॅफिक थांबत नाही. तक्रार एनओसीकडे पाठवा आणि आयपी बदलून द्या." एनओसी म्हणजे त्यांचा नेटवर्क सांभाळणारा विभाग. पत्ता बदलणं शक्य नसेल तर तो काही तास ब्लॅकहोल करायला सांगा. त्यात त्या पत्त्याकडे येणारं सगळंच वर फेकून दिलं जातं, म्हणजे तुमचंही नेट बंद राहतं, पण मारा करणारा बहुधा कंटाळून निघून जातो. तक्रारीचा डॉकेट क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

उलटा हल्ला करायचा विचार मनात आला तर तिथेच सोडून द्या. तुम्हाला दिसणारे पत्ते खोटे तरी असतात किंवा त्या दुकानातल्या डीव्हीआरसारख्या बिचाऱ्यांचे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अशा कृत्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे घेऊन हल्ले करून देणाऱ्या साइटवर खातं उघडणाऱ्यांचीही नावं उरतात. एप्रिल २०१८ मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेनं वेबस्ट्रेसर ही तशी साइट बंद पाडली तेव्हा तिच्यावर १,३६,००० वापरकर्ते नोंदलेले होते आणि पुढे अनेक देशांत पोलीस त्यांच्या दारात गेले.

तक्रार करायची तर सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या सायबर पोलीस ठाण्यात करा. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. खंडणी मागितली आणि पैसे गेले असतील तर तो लगेच फिरवा. उशीर करू नका. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार कंपन्यांना नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, त्यानंतर काही मिळेलच असं नाही.

आमच्या बाबतीत मारा कोणाचा, ते डिस्कॉर्डवरच सापडलं. पाडव्याला रात्री आठ त्रेचाळीसला एका मुलानं "आता बघ" एवढंच लिहिलं होतं. दोन दिवस आधी भाच्यानं त्याला सर्व्हरवरून काढलं होतं. स्क्रीनशॉट, वेळा आणि राउटरचे आकडे एका कागदावर मांडले आणि पोलिसांकडे जाण्याआधी बहिणीनं त्याच्या आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा आईबरोबर घरी आला. पैसे घेऊन हल्ले करून देणाऱ्या एका साइटवर त्यानं खाऊच्या पैशांतून आठवड्याची वर्गणी भरली होती. आमच्यासमोर बसून त्यानं खातं बंद केलं.